पाळेगार : मूळ अर्थ कोणता?

प्रश्न : लहानपणी न सांगता दिवसभर हुंदडून आलो की आजी दारातच अडवायची, "कुठला पुंडपाळेगार लागून गेलास रे?" तेव्हापासून पाळेगार म्हणजे कुणाला न जुमानणारा दांडगा, एवढंच डोक्यात बसलं. परवा वाचलं की बंगळूर वसवणारा केंपेगौडा हाही पाळेगारच. दांडगाई करणारा माणूस पेठा कशाला वसवेल?

उत्तर : मूळ शब्दात दांडगाई नाहीच. कानडीत 'पाळेय' म्हणजे लष्कराचा तळ, छावणी. तो ज्याच्या हाताखाली, तो पाळेयगार. यातला 'गार' आपल्या गुन्हेगारातला फारसी नव्हे, तो कानडी, संस्कृत 'कार'वरून आलेला. हूगार म्हणजे फुलारी, बळेगार म्हणजे बांगड्या विकणारा, तसाच हा.

विजयनगरच्या अमलात पाळेगाराकडे मुलूख असे. त्या बदल्यात त्याने फौज बाळगायची, राजाची हाक आली की ती घेऊन निघायचं आणि खंडणी भरायची. केंपेगौडा असा बंगळूरजवळच्या येलहंक्याचा पाळेगार. विजयनगरचा राजा अच्युतराय याच्या काळात, १५३७ मध्ये, त्याने बंगळूरला मातीचा कोट घातला. चिक्कपेटे आणि दोड्डपेटे मिळतात त्या चौकातून चार नांगर चार दिशांना सोडले आणि त्या तासांवर रस्ते आखले, अशी तिथली आख्यायिका आहे. पेठांची नावं आजही वाचून बघा : अक्किपेटे तांदळाची, बळेपेटे बांगड्यांची, अरळेपेटे कापसाची, कुंबारपेटे कुंभारांची. आपली 'पेठ' आणि त्यांची 'पेटे' शेजारी ठेवली की परकं काही वाटत नाही. कोणता धंदा कुठे बसेल याचा इतका बारीक विचार करणाऱ्याला पुंड म्हणवत नाही.

प्रश्न : मग कानडी लोक त्याला 'नाडप्रभू' का म्हणतात?

उत्तर : नाड म्हणजे मुलूख, परगणा. हा शब्द आपल्याही घरात आहे. नाडकर्णी म्हणजे नाडाचे हिशेब ठेवणारा, नाडगौडा म्हणजे नाडाचा गौडा. आपल्याकडच्या देशपांडे-देशमुखांची हीच जोडी. पाळेगार म्हटलं की फौज डोळ्यांपुढे येते, नाडप्रभू म्हटलं की मुलूख.

वाईट अर्थ कुठून आला? मला वाटतं, आपण हा शब्द वसुली करणाऱ्याच्या तोंडून घेतला. १५६५ नंतर विजयनगर खचलं, पाळेगार आपापल्या गढीत स्वतंत्र होऊन बसले. १६३८ मध्ये आदिलशाहीच्या रणदुल्लाखानाने शहाजीराजांसह बंगळूर घेतलं, तेव्हा समोर तिसरा केंपेगौडा होता. पुढे पेशव्यांच्या फौजाही खंडणीसाठी कर्नाटकात उतरत राहिल्या. खंडणी मागायला गेलेल्याला गढीचा दरवाजा लावून बसलेला माणूस पुंडच दिसणार. त्याच गढीत वाढलेल्या रयतेला तो धनी वाटत असेल, पण तिचा शब्द आपल्यापर्यंत पोचला नाही.

प्रश्न : मराठीत लिहिताना केंपेगौडाला काय म्हणावं? सरदार चालेल?

उत्तर : सरदार नको. सरदार म्हटलं की दरबारातला मानकरी डोळ्यांपुढे येतो, आणि याची मुळं येलहंक्याच्या मातीत. पाळेगारच लिहा. फक्त आधीचा 'पुंड' काढा आणि पहिल्या उल्लेखाला 'येलहंक्याचा नाडप्रभू' एवढं जोडा.