शब्दचर्चा : फादरांच्या नावामागे 'कै.' लावायचं का?

अक्षरजुळणी
वसई तालुक्यातल्या आगाशी-नंदाखाल पट्ट्यात माझं फ्लेक्स आणि पत्रिका छापायचं दुकान आहे. परवा आमच्या शेजारच्या धर्मग्रामातले (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीतले) एक वयस्कर फादर गेले. पहाटे चर्चची घंटा वाजली, एकेक टोला थांबून थांबून. तेव्हाच गावाला कळलं. माणूस असा की माझ्यासारख्या ख्रिस्ती नसलेल्या पोरांनाही त्यांनी ओट्यावर बसवून अपूर्णांक शिकवलेत. दुपारी चारपाच जण मजकूर घेऊन दुकानात आले. डोळे सगळ्यांचे सुजलेले. मी हाताच्या सवयीने नावामागे 'कै.' टाइप केलं. त्यावर एक मावशी म्हणाल्या, "बाळा, आमचे फादर कैलासावर कशाला जातील? त्यांना थंडी सोसायची नाही." रडता रडता सगळे हसले.

मग वाद सुरू झाला. एक म्हणाला 'ख्रिस्तवासी' घाल, दुसरा म्हणाला 'स्वर्गीय', तिसरा म्हणाला काहीच नको. अंत्यविधी संध्याकाळी होता, वेळ नव्हता, म्हणून तसाच बोर्ड छापला. आता महिन्याच्या मिस्साचा (चर्चमधल्या प्रार्थनाविधीचा) बोर्ड यायचाय. त्याआधी जाणकारांनी सांगावं, बरोबर काय?

खडूस वाचक
'दिवंगत' लिहा. निधर्मी शब्द आहे. विषय संपला.

निवृत्त मास्तर
खडूसराव, विषय इतक्यात संपत नाही. 'दिवंगत' म्हणजे 'दिवं गत', द्युलोकाला गेलेला. आपण तो सरकारी कागदात वापरून वापरून गुळगुळीत केला म्हणून निधर्मी वाटतो, पण शब्दाच्या पोटात स्वर्ग बसलेलाच आहे. मराठीत मेलेल्या माणसाला कुठेतरी पाठवल्याशिवाय आपल्याला चैनच पडत नाही.

आता 'कै.' पाहू. कैलासवासी हे शैव वळणाचं. जुन्या मराठी कागदपत्रांत राजे आणि सरदार कैलासवासी होतात. वारकरी मंडळी वैकुंठवासी होतात. संन्यासी माणूस ब्रह्मीभूत नाहीतर समाधिस्थ होतो, त्याला 'कै.' लावलेलं त्याच्या शिष्यांना खपत नाही. म्हणजे हिंदूंमध्येसुद्धा 'कै.' सगळ्यांना चालतं हा आपला गैरसमज. वर्तमानपत्रांनी मग याच साच्यात मुसलमानांसाठी 'पैगंबरवासी' बसवलं आणि ख्रिस्ती लोकांसाठी 'ख्रिस्तवासी'.

साच्यात एक खोट आहे. 'वासी' लागतो तो जागेला. कैलास ही जागा, वैकुंठ ही जागा, काशीवासी, मुंबईवासी. ख्रिस्त ही जागा नव्हे, पैगंबरही नव्हे. त्यामुळे मला हा शब्द नेहमी घाईत बेतलेल्या सदऱ्यासारखा वाटत आला आहे. पण ख्रिस्ती वाचकांनी माझं चुकत असेल तर सांगावं.

गासची माई
मास्तर, नमस्कार. तुमचं निम्मं चुकतंय, राग मानू नका. आमच्याकडे ख्रिस्त ही जागासुद्धा आहे. संत पौलाच्या पत्रांत 'ख्रिस्तामध्ये' असणं हे पुन्हा पुन्हा येतं. ख्रिस्तामध्ये जे मेले ते आधी उठतील, असं तो थेस्सलनीकाकरांना लिहितो. तेव्हा 'ख्रिस्तात वास करणारा' असा सरळ सप्तमी तत्पुरुष होतो. व्याकरणाचं भांडण मिटलं.

मला त्या शब्दाचा कंटाळा येतो तो वेगळ्या कारणाने. घरात तो कोणी म्हणत नाही. माझी आजी गेली तेव्हा कोणी "आजी ख्रिस्तवासी झाली" म्हणालं नाही. "देवाघरी गेली" म्हणाले. ख्रिस्तवासी हा बोर्डावरचा आणि अहवालातला शब्द आहे.

खरी अडचण 'स्वर्गवासी' आणि 'स्वर्गीय'ची आहे, आणि ती इथे कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. कॅथलिक माणूस मेला की आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करतो. सातव्या दिवशी मिस्सा, महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा, २ नोव्हेंबरला कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या. का? तर तो आत्मा अजून शुद्धीच्या वाटेवर असू शकतो, त्याला आपल्या प्रार्थनेची मदत व्हावी म्हणून. बोर्डावर 'स्वर्गवासी' लिहायचं आणि त्याच बोर्डावर खाली 'आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा' लिहायचं, हे कसं जमणार? पोचलाच असेल तर मिस्सा कशाला?

अमुक माणूस नक्की स्वर्गात आहे असं चर्च जाहीरपणे म्हणतं ते फक्त संतांबद्दल. आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मेले आणि त्यांना संत घोषित व्हायला १८६२ साल उजाडलं. अडीचशेपेक्षा जास्त वर्षं! आणि आपण फ्लेक्सवर दुपारी दोनच्या आत माणसाला स्वर्गात पोचवतो.

खडूस वाचक
माई, हे आवडलं. माझा 'दिवंगत' मागे घेतो.

शब्दकोडं
माई म्हणतात ते मान्य, पण ख्रिस्ती मराठीला हिंदू शब्द परके आहेत असा अर्थ कोणी काढू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त (१६१६, रायतूर, गोवा) स्वर्गासाठी सरळ 'वैकुंठ' येतं. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या जेझुइटाला (येशूसंघाच्या धर्मगुरूला) तो शब्द खटकला नाही. चारशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती माणूस मराठी ओवीतून वैकुंठाला जात होता. मग 'वै.' लावायला काय हरकत?

गासची माई
हरकत नाही, पण लोक विचारतील फादर माळकरी होते का.

कुपारी पोरगी
थोडं वेगळं. माझ्या पणजीच्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. लोक उत्तरं द्यायचे तीही लॅटिनमध्ये, अर्थ न कळता. घरात आमची, वसईच्या कुपारी ख्रिस्ती समाजाची बोली. जगभरच्या कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२ ते १९६५) झाली आणि त्यानंतर उपासना लोकांच्या भाषेत आली. म्हणजे मरणासाठीचे आमचे उपासनेतले मराठी शब्द साठेक वर्षांचेच आहेत. घरचे शब्द बोलीतले, चर्चचे शब्द लॅटिन आणि पोर्तुगीज, बोर्डावरचे शब्द शेजाऱ्यांकडून उसने. म्हणून घोळ होतो.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले (२५ जुलै २०२४) तेव्हा माझ्या मोबाइलवर एका सकाळीत कैलासवासी, ख्रिस्तवासी, स्वर्गीय, दिवंगत हे सगळं येऊन गेलं. एकाने तर 'ह.भ.प.' लिहिलं होतं! धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेला, मराठीवर जीव टाकणारा माणूस. त्यांनी वाचलं असतं तर हसले असते असं आपलं मला वाटतं. रागावून कोणी लिहिलं नव्हतं. ज्याला जो शब्द आदराचा वाटला तो त्याने वाहिला.

निवृत्त मास्तर
माई, शिकवल्याबद्दल आभार. सदरा मापाचा निघाला.

'चिरनिद्रा' चालेल का? फार ऐकू येतो.

शब्दकोडं
मास्तर, तिथे मी अडवतो. 'चिर' म्हणजे कायमची. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे मेलेले शेवटच्या दिवशी उठणार आहेत. मग निद्रा कायमची कशी? मराठी बायबलमध्ये 'महानिद्रा' आहे, ती नेमकी. मोठी झोप, पण जाग येणारी.

आणि झोपेवरून एक गंमत. दफनभूमीला पोर्तुगीजमध्ये 'सेमितेरियु', त्याचं कोकणीत 'सिमितेर'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ निजायची जागा. आता आपलं 'स्मशान' घ्या. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने आपल्या निरुक्त ग्रंथात व्युत्पत्ती दिली आहे, 'श्म' म्हणजे शरीर आणि त्याचं शयन ते 'श्मशान'. म्हणजे एकाने माणूस पुरला, दुसऱ्याने जाळला, आणि दोघांनीही जागेला नाव दिलं ते झोपण्यावरून. आजची भाषाशास्त्रवाली मंडळी यास्काचं सगळंच मान्य करत नाहीत, पण मला ही व्युत्पत्ती सोडवत नाही.

बंदरावरचा
मग मीही एक सोडतो. 'मिस्सा' हा लॅटिन शब्द मुळात पाठवण्याच्या क्रियापदावरून आला. विधी संपल्यावर लोकांना निरोप देण्याचं जे वाक्य, त्यातला तो शब्द. म्हणजे मिस्सा म्हणजे पाठवणी! आणि अंत्यविधीची मिस्सा म्हणजे फादरांची पाठवणी, लेकीसारखी.

गासची माई
पहिलं वाक्य खरं. दुसरं ओढूनताणून. निरोप जमलेल्यांना असतो, पेटीतल्याला नव्हे. (पण छान आहे. मनात ठेवते.)

वेंगुर्ल्याचो
मी सिंधुदुर्गातला, घरात कोकणी. वर सगळे नावामागे काय लावायचं ते बोलतायत. आमच्याकडे क्रियापदातच काम होतं. आमच्यात माणूस गेला की "अंतरलो" म्हणतात. "पाद्री अंतरलो." बाई गेली तर "अंतरली". साधा, रोजचा, आदराचा शब्द. "मेलो" म्हणणं कसंतरी वाटतं, "अंतरलो" म्हटलं की आवाज आपोआप खाली येतो.

रत्नागिरीत नोकरीला होतो तेव्हा एका मराठी सहकाऱ्याने सांगितलं, "मी आईला लहानपणीच अंतरलो." मला क्षणभर कळेना. समोर बसून चहा पिणारा माणूस स्वतःच अंतरलो म्हणतोय!

निवृत्त मास्तर
वा. हे सोनं आहे हो वेंगुर्लेकर.

मराठीत 'अंतरणे' म्हणजे मुकणे, दुरावणे. कर्ता जिवंत माणूस. "पोराला अंतरली", "दोन्ही घरांना अंतरला". जो मागे राहिला तो अंतरतो. कोकणीत जो गेला तो अंतरतो. शब्द तोच, मधलं अंतर तेच, फक्त ते कोणाच्या बाजूने मोजायचं एवढाच फरक. एकाच किनाऱ्यावर शेदीडशे कोसांत क्रियापदाने कर्ता बदलला.

आणि पाहा, यात कैलास नाही, वैकुंठ नाही, स्वर्ग नाही. माईंचा आक्षेपही मिटतो. तो कुठे गेला याबद्दल शब्द काहीच बोलत नाही. आपण कोणाला मुकलो एवढंच सांगतो.

कुपारी पोरगी
"आम्ही आमच्या फादरांना अंतरलो."
टाइप करून पाहिलं. पुढे काही लिहवत नाही.

खडूस वाचक
ठीक आहे, पण 'दुखवटा'चं काय? पोप फ्रान्सिस गेले तेव्हा भारत सरकारने तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला होता, २२ आणि २३ एप्रिल २०२५ आणि मग अंत्यविधीचा दिवस. धर्मग्रामाने तसा 'सात दिवसांचा दुखवटा' असं बोर्डावर लिहिलं तर?

निवृत्त मास्तर
लिहू नका. सरकारी दुखवट्याला झेंडा अर्ध्यावर उतरवावा लागतो. आणि घरगुती दुखवटा म्हणजे मुळात दुःखात असलेल्या घराला नातेवाइकांनी नेलेलं कापडचोपड. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही तो अर्थ आहे. दुखवटा काढणे म्हणजे माणसाला दुःखातून बाहेर काढणे. शोक पाळणे हा अर्थ आता पक्का झाला आहे, त्याला माझी ना नाही, पण शब्दाचा प्रवास बरोबर उलटा झाला.

गासची माई
पोप फ्रान्सिस यांचा विषय निघालाच आहे म्हणून. त्यांनी आपल्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की कबर जमिनीत असावी, साधी, सजावट नको आणि वर फक्त 'फ्रान्सिस्कुस' एवढंच. रोमच्या सांता मारिया मॅजोरे महामंदिरात तशीच आहे. मागे पोप नाही, पुढे आकडा नाही. ज्यांच्या नावामागे जगातल्या सगळ्यात जास्त पदव्या लागू शकल्या असत्या त्यांनी एकही लावून घेतली नाही. अक्षरजुळणीभाऊ, तुमच्या दुकानात "काहीच नको" म्हणणारा तो तिसरा माणूस कोण होता हो?

अक्षरजुळणी
माई, तो फादरांचा सायकलवाला. तीस वर्षं त्यांची सायकल दुरुस्त करायचा. चर्चच्या कुठल्याच कमिटीवर नाही.

काल मंडळी पुन्हा आली. मी ही सगळी चर्चा मोबाइलवर वाचून दाखवली. 'स्वर्गीय' म्हणणारे काका माईंच्या मुद्द्यावर गप्प झाले, मग म्हणाले, "तरी आमचे फादर पोचलेच असणार." त्यावर कोणी वाद घातला नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली' काढायची का यावर अर्धा तास गेला, शेवटी राहिली. 'चिरशांती' काढून 'चिरविश्रांती' केली, कारण मावशी म्हणाल्या की फादरांना शांती आधीपासूनच होती, विश्रांती कधी मिळाली नाही. चिरनिद्रेला जो आक्षेप तोच इथेही येतो, हे मी मुद्दाम बोललो नाही.

नावामागे काही नाही. नुसतं 'फादर' आणि नाव, जन्मतारखेआधी चांदणी, मरणाच्या तारखेआधी क्रूस. खाली एक ओळ, "आम्ही त्यांना अंतरलो." त्याखाली महिन्याच्या मिस्साची वेळ.

पहिल्या प्रुफात माझ्या पोराने 'उतरलो' टाइप केलं होतं. सायकलवाल्याने पकडलं.