पन्नाचा हिरा आणि पावसातली शोधाशोध

पुष्कळांना वाटतं, मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात शेत खणलं की हिरा हाती लागतो. इतकं सोपं नाही हो! सरकारकडून 8 बाय 8 मीटरचा तुकडा पट्ट्यावर घ्यायचा, मग माती उपसत खडीच्या थरापर्यंत जायचं. तिथे त्या थराला 'चाल' म्हणतात. ती धुवायची, वाळवायची, पसरायची आणि उकिडवं बसून हाताने एकेक खडा निवडायचा. महिनोन् महिने नुसतीच गारगोटी. हिरा सापडलाच तर तो सरकारी हिरा कार्यालयात जमा करायचा. लिलावानंतर रॉयल्टी, म्हणजे सरकारचा वाटा, कापून पैसे.

आंध्रात वज्रकरूरकडे मात्र पहिल्या पावसानंतर लोक चक्क शेतातून माना खाली घालून फिरतात. पाऊस माती धुतो, खडे उघडे पडतात. पेरणी करायची सोडून! शेतमालक वैतागणारच.