मदत हवी आहे: मोटर चालू झाली की काट्याच्या खोलीचं नेटवर्क जातं

— धागाकर्ता
लातूर एमआयडीसीत डाळ मिल आहे. ऑफिसात ८ पोर्टांचा गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) नेटवर्क स्विच. तिथून ८५ मीटर कॅट-६ नेटवर्क केबल वजनकाट्याच्या खोलीत, तिकडे ५ पोर्टांचा गिगाबिट स्विच. त्यावर काट्याचा कॉम्प्युटर आणि दोन कॅमेरे. ऑफिसातल्या ७ नंबर पोर्टाचा दिवा नारंगी, म्हणजे लिंक १०० एमबीपीएसच. मिलची मोठी मोटर चालू केली की काट्याकडचं सगळं मिनिटभर गायब. बाकी पोर्ट ठणठणीत. पोर्ट बदलून पाहिला, फरक नाही. केबल टेस्टरवर आठही दिवे ओळीनं लागतात. नवा स्विच घ्यावा का? तुरीची आवक जोरात आहे, काटा थांबवता येत नाही.

— पॅचपॅनल
स्विच घेऊ नका. दीडदोनशेचा टेस्टर तार तुटली का एवढंच सांगतो, एकमेकींत पिळलेल्या तारांच्या जोड्या बरोबर आहेत का ते नाही. कनेक्टर खिडकीकडं धरून रंगांचा क्रम वाचा आणि इथं लिहा.

— धागाकर्ता
दोन्हीकडं सारखाच: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

— पॅचपॅनल
मग पहिला दोष सापडला. ३ आणि ६ या पिनांना एकाच पिळाच्या तारा लागतात. तुमच्याकडं ३ वर पांढरा-हिरवा, ६ वर निळा. पीळ फुटला की बाहेरचा गोंगाट जोडीत शिरतो. दोन मीटरच्या तुकड्यात हे खपून जातं, ८५ मीटरमध्ये नाही. गिगाबिट जमत नाही म्हणून स्विच १०० वर उतरतो. क्रम असा हवा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. हाताशी आहे तर तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, एवढ्या लांबीला भरवशाचं नाही.

— डीपीवाला
भाऊ, मिनिटभर जाणं मला वेगळं वाटतं. मोटर चालू करताना एकानं काट्याकडच्या स्विचसमोर उभं राहावं. फक्त ऑफिसकडून आलेल्या पोर्टाचा दिवा गेला तर केबल. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागले तर स्विच रीस्टार्ट होतोय, म्हणजे व्होल्टेज पडतंय.

— धागाकर्ता
दोन्ही टोकं नव्यानं क्रिंप केली, म्हणजे नवे कनेक्टर दाबून बसवले. तार तांब्याचीच आहे. दिवा हिरवा झाला. पण मोटरीच्या वेळी सगळे दिवे विझतातच.

— डीपीवाला
थेट चालू होणारी मोटर सुरुवातीला नेहमी चालताना लागणाऱ्या प्रवाहाच्या सहा-आठपट खेचते. व्होल्टेज खाली बसतं, छोटा ॲडॅप्टर तेवढं झेलत नाही. स्विच आणि कॅमेऱ्यांचे ॲडॅप्टर काट्याच्या कॉम्प्युटरच्या यूपीएसवर घ्या. राऊटरचा मिनी यूपीएस वापरायचा तर आधी स्विचवर छापलेलं व्होल्टेज बघा. ५ व्होल्टच्या स्विचला १२ दिले तर तो गेलाच.

— पॅचपॅनल
दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असेल तर वळवाच्या विजांच्या आधी हीच लाईन फायबर (काचेच्या तारेची, वीज न वाहणारी) करा. एका कोअरचे (एकाच काचतंतूवर चालणारे) मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे, घेतले तर एक ए प्रकारचा, एक बी प्रकारचा घ्या. दोन्ही ए असले की लिंक लागत नाही.

— धागाकर्ता
यूपीएसवर टाकलं. मोटर चालू-बंद करून पाहिली, पिंग (कनेक्शन तपासणारा सततचा संदेश) तुटला नाही.