यकृत बिघडलेल्या लहान कुत्र्याची प्रथिने सरसकट तोडू नका

पडवीतून:
गेल्या आठवड्यात 'सड्यावरचा' यांनी येथे लिहिले होते की, कुत्र्याच्या यकृताचे आकडे वाढले आणि जोडीला पोटही बिघडलेले असले, तर अंडी, कोंबडी, मासळी तत्काळ बंद करावी, एक दिवस लंघन घालावे आणि पुढे उकड्या तांदळाच्या पेजेवर व मुगाच्या पाण्यावरच त्याला ठेवावे. त्याखाली अनेकांनी आभार मानलेले पाहून मला राहवले नाही, कारण नेमके हेच मी माझ्या बिट्टूच्या बाबतीत सात आठवडे केले आणि त्याची किंमत त्याने मोजली.

बिट्टू नऊ वर्षांचा पॉमेरेनियन आहे. गेल्या पावसाळ्यात त्याला बुळबुळीत, पातळ शौच होऊ लागले आणि पहाटे पिवळी उलटी होऊ लागली. रक्त तपासले तेव्हा यकृताचा त्रास दाखवणारे एएलटी व एएलपी हे दोन्ही आकडे वाढलेले आणि अल्ब्युमिन, म्हणजे यकृत बनवते ते रक्तातले प्रथिन, २.६ निघाले. रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत सगळ्यांचे एकच मत पडले, की यकृताला विश्रांती हवी, म्हणून मांस बंद. सात आठवड्यांत त्याचे वजन ४.२ किलोवरून ३.४ वर आले, पाठीचा कणा हाताला लागू लागला, अल्ब्युमिन १.९ झाले आणि पोटात पाणी धरले.

त्यानंतर मी वही घेऊन हिशेब मांडला. तीस ग्रॅम तांदळाच्या पेजेतून साधारण दोन ग्रॅम प्रथिने मिळतात, तर यकृताचा आजार असलेल्या कुत्र्यालाही दर किलो वजनामागे रोज सुमारे दोन ग्रॅम प्रथिने लागतात. चार किलोच्या कुत्र्याला विश्रांतीच्या स्थितीतही सुमारे दोनशे उष्मांक हवेत आणि तीस ग्रॅम तांदूळ त्यातले जेमतेम निम्मे पुरवतो. बाहेरून मिळाले नाही की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खाते, आणि यकृत थकलेले असताना रक्तातला अमोनिया निकामी करण्याचे बरेचसे काम हेच स्नायू करतात. म्हणजे ज्याला आपण विश्रांती समजतो, त्यात यकृताचा मदतनीसच आपण उपाशी मारतो.

लंघनाचा सल्ला मला याहून धोक्याचा वाटतो. आजारी यकृतात साखरेचा साठा पुरेसा राहत नाही आणि चार किलोच्या जिवाची साखर पाहता पाहता उतरते. आता बिट्टूला दिवसातून पाच वेळा थोडे थोडे मिळते आणि शेवटचा घास रात्री दहाला असतो. कातडे काढलेली, उकडलेली कोंबडी, अंड्याचा पांढरा भाग, मऊ भात आणि लाल भोपळा एवढेच त्याचे जेवण आहे. आतड्याचा आजार असल्यामुळे त्याला बी-१२ ची इंजेक्शने चालू आहेत आणि स्निग्ध पदार्थ कमी ठेवावे लागतात, म्हणून ओल्या नारळाचा रससुद्धा त्याच्या ताटात पडत नाही. तीन महिन्यांत वजन ३.९ किलो झाले आणि पोटातले पाणी ओसरले.

सड्यावरचा:
तुमच्या कुत्र्याचे हाल वाचून वाईट वाटले. तरीही माझा सल्ला चुकीचा होता, हे मला मान्य नाही, आणि त्याचे कारण माझ्या घरात बसलेले आहे.

आमची शिह त्झू सात महिन्यांची असताना मटणाचा रस्सा खाल्ल्यावर तासाभरात गोल गोल फिरू लागली. मग देवघराच्या भिंतीला डोके टेकवून ती इतका वेळ उभी राहिली, की माझ्या आईने बाहेरची बाधा समजून दृष्ट काढली. निदान झाले ते असे, की आतड्याकडून येणारे रक्त यकृतात न जाता जन्मजात आडवाटेने थेट शरीरात जात होते. लहान जातींत, विशेषतः यॉर्कशायर टेरियर, माल्टीज आणि शिह त्झू यांच्यात, हा दोष जास्त आढळतो. आतड्यातल्या जिवाणूंनी प्रथिनांपासून बनवलेला अमोनिया अशा पिलाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो आणि लघवीत खडेही होतात. शस्त्रक्रियेसाठी मुंबई गाठणे आम्हाला परवडले नाही. मांस बंद करून पनीर, अंडे आणि मूग यांवर ठेवल्याने व आतड्यातला अमोनिया शौचावाटे काढणारे लॅक्टुलोजचे औषध रोज दिल्याने ती आज चार वर्षांची आहे. तुमचा लेख वाचून उद्या कोणी अशा पिलाला कोंबडी घातली, तर त्याची जबाबदारी तुम्ही घ्याल काय? आणि आतड्याकडून येणारे रक्त यकृतातून नीट जाते की नाही हे दाखवणारी पित्ताम्लांची चाचणी बिट्टूची केली होती काय? केली नसेल, तर त्याच्या रक्तवाहिन्या ठीक आहेत हे तुम्ही कशाच्या आधारावर गृहीत धरले?

खाडीपलीकडे:
हे सगळे वाचून मला राग आला आहे. आमच्या वडिलांच्या होडीबरोबर वाढलेली कुत्री पेज, बांगड्याची डोकी आणि सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, यांवर चौदा-चौदा वर्षे जगली आणि त्यांच्या यकृताचे नाव कोणी ऐकले नव्हते. हे आजार नाजूक जाती घरात आणल्यामुळे आणि पिशवीतले कोरडे खाद्य घातल्यामुळे आले आहेत. आजारी कुत्रा अन्नाला तोंड लावत नसेल, तर भातावर मूठभर सुकट भाजून घाला, तो ताट चाटून खाईल.

पडवीतून:
सुकटीचा सल्ला कृपया मागे घ्यावा. पोटात पाणी धरलेल्या कुत्र्याला मीठ वर्ज्य असते आणि सुकी मासळी म्हणजे मीठच. ताज्या मासळीबद्दलही मला धास्ती आहे. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे बर्फाशिवाय दुपारभर राहिले, की त्यांत हिस्टामीन हे विषारी द्रव्य तयार होते, आणि ते कितीही शिजवले तरी जात नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बाजारात येणारी मासळी किती दिवसांची आहे, हे मला कळत नाही, म्हणून बिट्टूच्या ताटात मासळी नसते.

खाडीपलीकडे:
ज्यांना मासळी कळत नाही, त्यांनी तिला विष ठरवू नये. खारवतात तो बांगडा. सुकट आणि जवळा नुसत्या उन्हात वाळवतात, त्याला कोणी वरून मीठ चोळत नाही. आणि ताज्या बांगड्याची पारख डोळ्यावरून व कल्ल्यावरून होते, ती आमच्या घरातल्या सहा वर्षांच्या मुलालाही येते. तुम्ही पुस्तकातून बोलता आणि आमच्या पिढ्यांचा अनुभव खोटा पाडता, याचा मला संताप येतो.

वाशिष्ठीकाठ:
सुकटीला मीठ लावत नाहीत, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण समुद्राच्या पाण्याचा खार तिच्यात उरतोच. शिवाय मिठापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे आणि तिच्याकडे येथे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. ती म्हणजे तांबे. कोळंबी, कुर्ल्या, जवळा यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यच तांब्याचे असते, आणि कालवांत तर तांबे फारच जास्त असते. काही कुत्र्यांच्या यकृतात तांबे साठत जाते आणि तेच यकृत जाळते. माझ्या कुत्रीच्या यकृताचा तुकडा तपासला तेव्हा हे कळले. तोपर्यंत मी तिला 'यकृताला यकृत चांगले' या समजुतीने आठवड्यातून दोनदा बोकडाची कलेजी घालत होते, आणि तिचे पाणीही आमच्या तांब्याच्या हंड्यातलेच होते. या दोन्ही गोष्टी मी स्वतःच्या हाताने केल्या, हे आठवले की अजून झोप लागत नाही.

मात्र मासळी सरसकट बंद करण्याच्या मी विरोधात आहे. तिला कोंबडी सोसत नव्हती, खाल्ली की जुलाब होत. ताजे बोंबील उकडून, काटे काढून दिले आणि पंधरा दिवसांत शौच बांधून आले. बोंबलात चरबी अगदी कमी असते, म्हणून आतड्याच्या आजारातही तो जड जात नाही.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक:
मी तीस वर्षे या जिल्ह्यात गुरांमागे फिरलो आणि शेवटच्या दहा वर्षांत माझ्याकडे गुरांपेक्षा कुत्रीच जास्त येऊ लागली. मला या चर्चेचा खेद वाटतो, कारण ताटात काय वाढायचे यावर तुम्ही भांडत आहात आणि यकृत कशाने बिघडले हे फार थोड्यांनी विचारले. कोकणात पहिला संशय गोचिडीचा घ्यावा, कारण गोचिडीच्या तापात यकृताचे आकडे वाढतात आणि योग्य औषधाने उतरतात. भातखाचरांतल्या साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा जिवाणूंचा आजार येतो. तो यकृत व मूत्रपिंड दोन्ही घेरतो आणि माणसालाही होतो. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते.

तिसरे कारण आपल्या घराच्या माळ्यावरच असते. दमट हवेत शेंगदाण्याला, पेंडीला किंवा मक्याला बुरशी येते, तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते, आणि ते भाजून किंवा शिजवून पूर्णपणे नाहीसे होत नाही. 'खाडीपलीकडे' पिशवीतल्या खाद्याला दोष देतात, पण उघडी पिशवी पावसाळ्यात महिनाभर पडवीत ठेवली, तर दोष खाद्याचा नसून साठवणीचा असतो. तापात माणसाची पॅरासिटामॉलची गोळी दिल्याने यकृत निकामी झालेली दोन पिले मी माझ्या हातावर जाताना पाहिली आहेत. आधी कारण शोधा आणि आहार त्यानंतर ठरवा.

खाडीपलीकडे:
कालवांतल्या आणि जवळ्यातल्या तांब्याची गोष्ट मला माहीत नव्हती. यकृताच्या कुत्र्याला सुकट घाला, हे वाक्य मी मागे घेतो. निरोगी कुत्र्याच्या सुकटीबद्दल मात्र मी एक अक्षरही मागे घेणार नाही, आणि बोंबलाची बाजू येथे कोणीतरी घेतली, याचे समाधान आहे.

पडवीतून:
'सड्यावरचा' यांच्या प्रश्नाचे उत्तर मी दोन दिवस टाळले, कारण ते माझ्या विरुद्ध जाते. बिट्टूची पित्ताम्लांची चाचणी झालेली नाही. सोनोग्राफी झाली होती आणि प्रथिने वाढवल्यावर त्याला एकदाही भोवळ आली नाही, एवढ्यावरच मी निश्चिंत राहिले. तुमच्या पिलासारख्या आजारात माझा सल्ला घातक ठरेल, हे मला मान्य करावे लागते. परंतु तुम्हीही 'यकृत बिघडले की मांस बंद' असे सर्वांसाठी लिहिले होते, आणि त्या 'सर्वां'मध्ये माझा बिट्टू होता.

सड्यावरचा:
तेथे 'मेंदूवर परिणाम दिसत असेल तर' एवढे शब्द मी लिहायला हवे होते. ते मी आज मूळ लेखात घातले आणि लंघनाचे वाक्य काढून टाकले. पेजेबद्दलचे माझे मत पूर्ण बदललेले नाही, कारण जुलाबाच्या पहिल्या दोन दिवसांत तिच्याइतके हलके दुसरे काही मला माहीत नाही.

चाचणीला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. रक्त दोनदा घेतात, एकदा उपाशीपोटी आणि एकदा खाल्ल्यानंतर दोन तासांनी. बिट्टूला किती तास उपाशी ठेवायचे, हे त्याच्या साखरेचे सांगून आधीच विचारून घ्या, आणि त्याचे नेहमीचे जेवण डब्यात बरोबर न्या, कारण अनोळखी जागी दिलेले अन्न आमच्या कुत्रीने हुंगलेसुद्धा नव्हते आणि दुसरा नमुना वाया गेला होता.

पडवीतून:
सोमवारची वेळ मिळाली आहे. सकाळी साडेपाचला कोंबडी-भाताचा डबा भरून आम्ही निघतो आहोत.