मदत हवी आहे: काळू धरणाला हरकत नेमकी कुठे नोंदवायची?

नमस्कार मंडळी,

माझं गाव मुरबाड तालुक्यात, काळूच्या काठी. मी नोकरीमुळे डोंबिवलीत असतो. भाऊ, वहिनी आणि चुलते गावीच आहेत. माळशेजला जाताना तुम्ही काळूचा धबधबा लांबून पाहिला असेल. आमची नदी त्या कड्यांतून उतरते, खाली टिटवाळ्याच्या गणपतीजवळून जाते आणि मग उल्हासला मिळते. आमच्या वरच्या अंगाला तिच्यावर अजून मोठं धरण नाही. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की वलगणीचे मासे ओढ्यांतून थेट भातखाचरांत चढतात. त्या रात्री गावात कोणी झोपत नाही. बत्त्या घेऊन सगळे पाण्यात असतात, अगदी माझे सत्तरीचे काकासुद्धा.

धरणाची गोष्ट जुनीच आहे. मुंबई महानगराला पिण्याचं पाणी द्यायला एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) पैशातून कोकण पाटबंधारे महामंडळाने काम काढलं. वनखात्याची परवानगी नसतानाच काम सुरू झालं, म्हणून श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये काम थांबलं. त्याच वर्षी केंद्राच्या वन सल्लागार समितीने प्रस्ताव नाकारला. पुढच्या वर्षी त्याच समितीने मंजुरीची शिफारस केली! सुमारे हजार हेक्टर नुसतं जंगलच बुडणार आहे, शेतं आणि पाडे वेगळे. तेव्हापासून दर दोन-चार वर्षांनी आवई उठते. यंदा दिवाळीनंतर दोघं माणसं जीपने येऊन वरच्या पाड्यावर मोजमाप करून गेली. कुठून आलात विचारलं तर धड उत्तर नाही.

माझा प्रश्न असा. मी समजत होतो की धरण म्हटलं की जनसुनावणी होतेच, तिथे सगळा गाव नेऊ आणि बोलू. एका वकील मित्राने सांगितलं, विसर, तुमच्याकडे ती होणारच नाही. पर्यावरण परवानगीची २००६ ची अधिसूचना नदीखोरे प्रकल्पांत फक्त वीज आणि सिंचन धरते. निव्वळ पिण्याच्या पाण्याचं धरण त्यात बसतच नाही. म्हणजे पंचवीस मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाला पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल लागतो, आणि पाडेच्या पाडे बुडवणाऱ्या धरणाला नाही? हे खरं आहे का? खरं असेल तर आम्ही बोलायचं कुठे?

दुसरी अडचण घरचीच आहे. ग्रामपंचायतीने म्हणे 'हरकत नाही' असा ठराव आधीच दिलाय. गावात कोणालाच ग्रामसभा झाल्याचं आठवत नाही.

आणि हो, कोणी म्हणायच्या आत मीच सांगतो: डोंबिवलीत नळाला पाणी कमी आलं की मीही ओरडतो. पण शहापुरात तानसा, वैतरणा, भातसा असताना तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, हे शेजारी बसून बघितलंय.

— काळूकाठचा

जोडपत्र अ (हे टोपणनाव):
वकील मित्र बरोबर आहे. ही पळवाट जुनी आहे. पण जंगल बुडतंय ना, मग वनजमिनीची परवानगी चुकत नाही. परिवेश पोर्टलवर (केंद्राच्या वन-पर्यावरण मंजुऱ्यांच्या संकेतस्थळावर) महाराष्ट्र निवडून प्रस्ताव शोधा, तत्त्वतः मंजुरी की अंतिम, कुठे अडकलाय ते दिसेल. मंजुरीविरुद्ध पुण्याच्या हरित लवादात अपील करता येतं, मुदत तीस दिवस, सबळ कारण असेल तर आणखी साठ. म्हणून पोर्टल दर आठवड्याला बघा.

ठरावाचं आधी उरका. माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, म्हणजे जोडपत्र अ, भरा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि ग्रामसेवकाकडे इतिवृत्त व हजेरीपत्रक मागा. माझा अंदाज, तो मासिक सभेचा ठराव निघेल. पाच-सात सदस्यांनी केलेला ठराव म्हणजे ग्रामसभा नव्हे.

शहापूरकर:
दादा, नुसती हरकत नोंदवून काही होत नाही, अनुभवाने सांगते. आधी हक्क कागदावर आणा. वनहक्क कायद्यात वैयक्तिक प्लॉटच्या दाव्यांमागे सगळे धावतात, सामूहिक दावे कोणी करत नाही. तुम्ही वलगणीचं लिहिलंत ना, तेच लिहा! पाण्यातले मासे हा त्या कायद्यात सामूहिक हक्क आहे, कलम ३(१)(घ). नमुना 'ख' भरा. मासे कुठे चढतात, गुरं कुठे पाणी पितात, करवीच्या काठ्या कुठून आणता, सगळं म्हाताऱ्यांना विचारून नकाशावर काढा.

वनहक्काच्या ग्रामसभेला किमान निम्मे लोक हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. आमच्या पाड्याची पहिली सभा याच कारणाने बाद झाली, पुरुष भरपूर होते, बायका भातलावणीला. त्यामुळे तारीख बायकांना विचारूनच ठरवा.

मुरबाडची सगळी गावं अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागाच्या सरकारी यादीत, नाहीत, तुमचं आहे का ते तहसीलमध्ये बघा. असेल तर भूसंपादनाला २०१३ च्या कायद्याच्या कलम ४१ खाली ग्रामसभेची पूर्वसंमती लागते, आणि पेसाखाली (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली) पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मागणीही करता येते. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली बारा ग्रामसभा झाल्या, बाराही 'नाही' म्हणाल्या, आणि खाण अडली. तिथेही आधी वनहक्कांचेच दावे होते.

काळूकाठचा:
दोघांचेही आभार. गाव यादीत आहे, वरचा पाडाही. माहिती अधिकाराचा अर्ज काल दिला. गावात हा धागा वाचून दाखवला तर काका म्हणाले, मासे चढतात ती सतरा ठिकाणं मी डोळे मिटून सांगतो, लिहून घे. रविवारी जातोय.

वहिनी विचारतेय, हजेरीपत्रकावर अंगठा चालतो का? पाड्यावरच्या निम्म्या बायकांना सही येत नाही.

शहापूरकर:
चालतो. शेजारी नाव मात्र दुसऱ्याने सुवाच्य लिहा, आणि शाईचा पॅड घरून न्या. ऐन वेळी तो ग्रामपंचायतीत सापडत नाही.