'नेक्स्ट ऑफ किन': वारस की नातलग?

मुग्धा: ईमेल-फसवणुकीवरच्या पत्रकासाठी एका नमुना पत्राचं मराठी करतेय. वाक्य असं: मयत खातेदाराचं आणि आपलं आडनाव एकच, म्हणून आपल्याला त्याचा 'नेक्स्ट ऑफ किन' म्हणून बँकेपुढे उभं करतो. मी 'वारस' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'निकटचा नातलग' केलं. बरोबर कोणतं?

अण्णा: दोन्ही एक नव्हेत. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगा, मुलगी, विधवा, आई वर्ग १ मध्ये, बाप वर्ग २ मध्ये. बापाहून जवळचं कोण? तरी मुलगा मेला आणि वर्ग १ मधलं कुणी असलं, तर बापाला वाटा नाही.

शब्दवेडी: पण 'वारस' अरबी. आपला 'दायाद' असताना उसना शब्द कशाला?

अण्णा: सातबाऱ्यावर वारस लावतात हो, दायाद कोणी लावत नाही.

मुग्धा: 'वारस लावणे'! अगदी हेच. 'आम्ही आपल्याला वारस लावतो.'

काउंटर क्र. ३: 'वारस'च ठेवा, कारण त्या शब्दावरच माणूस फसतो. पैसा हक्काचा वाटायला लागतो आणि आपण तोतयेगिरीला होकार देतोय हे सुटतं. नायजेरियाच्या ज्या कलमावरून या पत्रांना '४१९' म्हणतात ते खोट्या बतावणीचं. आपल्या जुन्या भादंविचं ४१९ तोतयेगिरीचंच होतं. पुढे 'ट्रान्सफर शुल्क', मग 'वकील फी', मग 'कर-दाखला'. एक भरलं की दुसरं निघतं. 'त्याच रकमेतून कापून घ्या' म्हणून बघा. मूळ रकमेला हात लावता येत नाही, असा नियम लगेच येतो. पत्रकात एवढंही घाला: 'रिप्लाय' दाबून, काही न पाठवता, उत्तर कोणत्या पत्त्यावर चाललंय ते वाचा. पाठवणारा म्हणून बँकेचं नाव आणि उत्तराला फुकटातला मेल-पत्ता, हे नेहमीचं.

आपल्याकडे १० वर्षं पडून राहिलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. 'उद्गम' पोर्टलवर नाव शोधायचं, दावा मात्र मूळ बँकेतच करायचा.

शब्दवेडी: त्या ठेवींना पेपरवाले 'बेवारस' म्हणतात तेही चूकच. वारस असतात, त्यांना खबर नसते. 'दावा न केलेल्या ठेवी' म्हणा.

अण्णा: मथळ्यात मावेल का ते? आणि 'बेवारस' काही परका नाही. हिंदीने अरबी 'ला' लावून 'लावारिस' केलं, आपण फारसी 'बे' घेतला.

शब्दवेडी: मग 'बेवारशी' कुठून आला? प्रेत बेवारशी, गाडी बेवारस, असा फरक कानाला जाणवतो.

अण्णा: आमच्याकडे गाडीही बेवारशीच.

मुग्धा: आणि 'उभं करतो' ठेवू की 'दाखवतो'?

शब्दवेडी: अण्णा, आमच्याकडे म्हणजे कुठे?