मदत हवी आहे : धाकट्या बहिणीचं बीपी आठव्या महिन्यात वाढलंय

नमस्कार. धाकट्या बहिणीचं पहिलंच बाळंतपण आहे, 31वा आठवडा चालू आहे. इतके दिवस बीपी 110/70च्या आसपास असायचं. परवाच्या तपासणीत 148/96 निघालं, थोडा वेळ बसवून परत घेतलं तर 144/94. लघवीत प्रोटीन अगदी किंचित. डॉक्टरांनी बीपीची लॅबेटॅलॉल गोळी सुरू केली, प्लेटलेट, लिव्हर, किडनीच्या तपासण्या आणि बाळाचा रक्तपुरवठा बघायची डॉपलर सोनोग्राफी सांगितली. त्यांच्यावर विश्वास आहे.

अडचण घरची आहे. सासूबाईंनी मीठ बंद केलंय आणि तिला पलंगावरून उठू देत नाहीत. करतात ते काळजीपोटीच, पण आळणी वरणभात तिच्या घशाखाली उतरत नाही. दुसरं म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आई तिला गावी आणायची घाई करतेय. सासर नाशिकला आहे, गावाजवळ मात्र रात्री सिझेरियन होईल असं एकही हॉस्पिटल नाही. काल बोट सुजून अंगठी रुतली, साबण लावून काढावी लागली. सकाळी चेहराही सुजलेला दिसतो. आई म्हणते, पोटुशी बाईला सूज येतेच. मला धीर निघत नाहीये. काय करावं?

प्रतिसाद १
ताई, मी लेबर रूममध्ये स्टाफ नर्स आहे. पायावरची सूज बहुतेकींना येते, पण हात आणि चेहरा असा सुजला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना कळवा. बीपी आणि लघवी परत तपासतील. 20 आठवड्यांनंतर बीपी 140/90 किंवा वर आणि सोबत लघवीत प्रोटीन वाढलेलं, किंवा लिव्हर, किडनी, प्लेटलेट बिघडलेले, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया. त्यातून झटके येऊ शकतात.

मीठ तोडून हा आजार आटोक्यात येत नाही. नेहमीचं जेवण जेवू द्या, वरून लोणचं-पापड नको इतकंच. दिवसभर झोपवून ठेवल्यानेही फायदा नाही, उलट पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती. घरातल्या कुणाची टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल ही बीपीची गोळी चुकूनही देऊ नका, बाळाच्या किडनीला अपाय होतो.

डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, बाळाची हालचाल मंदावणं, किंवा बीपी 160/110: यातलं काहीही झालं तर तडक हॉस्पिटल, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. प्रीएक्लॅम्प्सिया ठरला तर 37व्या आठवड्यात, कधी त्याआधीच बाळंतपण करावं लागतं. म्हणून नवजात बाळांचा आयसीयू जवळ हवा. तिला नाशिकलाच राहू द्या, आईंनी तिकडे जावं.

प्रतिसाद २
माझ्या जावेला बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी घरी झटका आला होता, तोवर बीपी जवळपास नॉर्मल होतं. बाळ झालं म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका, बीपी सहा आठवडे तरी बघत राहा. दुसऱ्या खेपेला दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सगळं सांगितलं, तेव्हा हा त्रास परत व्हायचा धोका कमी व्हावा म्हणून बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची ॲस्पिरिन दिली.

धागाकर्ती
दोघींचे आभार. फोन केला, आज संध्याकाळीच बोलावलंय. तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, ती उद्याच्या गाडीने नाशिकला निघतेय. घरी बीपीचं मशीन घ्यायचंय, मनगटाचं चालेल का?

प्रतिसाद १
दंडाचंच घ्या, पट्टा तिच्या दंडाच्या मापाचा. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीत. सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहा आणि वही दर तपासणीला न्या.